‘अव्वल २ टक्के शास्त्रज्ञ’: निवड केली कुणी?

दर वर्षी यादी आली की तोच मजकूर फिरायला लागतो. नाव बदलतं, साचा नाही: ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाने डॉक्टरसाहेबांची जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत निवड केली. ३०० पेपर, हजारो सायटेशन. तरीही काही लोक त्यांच्या उपचारावर शंका घेतात!’

शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण आकडा ढाल म्हणून पुढे केलाच आहे, तर ढाल कशाची आहे ते बघू. पेपर म्हणजे शोधनिबंध, आणि सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपराने त्याचा दिलेला संदर्भ.

‘स्टॅनफर्डने निवड केली.’ निवड कुणीच केलेली नाही. अर्ज नाही, समिती नाही. स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या ‘स्कोपस’मधले (पेपर आणि त्यांची सायटेशन नोंदवणारा डेटाबेस) आकडे एका सूत्रात घालतात आणि तयार झालेली भलीमोठी एक्सेल शीट सगळ्यांसाठी खुली ठेवतात. कारकिर्दीच्या यादीत हयात नसलेले संशोधकही आहेत. पुरस्कार असता तर त्यांना कळवलं कसं असतं?

‘जगातले २ टक्के.’ सगळ्या क्षेत्रांतले मिळून नव्हे. सर्वसाधारण क्रमवारीत पहिल्या एक लाखात, नाहीतर आपल्या उपविषयातल्या वरच्या २ टक्क्यांत असलेली नावं यादीत येतात. हे योग्यच आहे, कारण विषयागणिक उद्धृत करण्याची रीत वेगळी असते. याद्याही दोन: एक अख्ख्या कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. एका वर्षाची म्हणजे त्या वर्षी नव्याजुन्या सगळ्या पेपरांना मिळालेली सायटेशन. ‘यंदाच्या कामाची दखल’ हे वाक्य त्यामुळे बाद.

‘इतकी सायटेशन म्हणजे जगाने मान्य केलं.’ खरी गोची इथे आहे. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरच्या पेपरातून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला. त्याला हजाराहून जास्त सायटेशन आहेत आणि त्यातली बहुतेक त्याला चूक ठरवणारी. मोजणाऱ्या यंत्राला ‘हे सिद्ध झालं’ आणि ‘हे खोटं निघालं’ यातला फरक कळत नाही. दोन्हीकडे एकच टिंब पडतं.

दुसरं टोक बघा. आजवर सर्वाधिक उद्धृत झालेला पेपर कुठल्या रोगावरचा नाही. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये द्रावणातलं प्रोटीन मोजायची पद्धत लिहिली. तिला तीन लाखांवर सायटेशन आहेत. कारण अगदी साधं. प्रयोगात प्रोटीन मोजलं की ‘पद्धती’ या भागात एक ओळ लिहायची, ‘प्रोटीन लाउरींच्या पद्धतीने मोजलं’, आणि शेजारी संदर्भाचा क्रमांक टाकायचा. तो पेपर उघडून वाचायचीही गरज नाही. खुद्द लाउरींनीच म्हटलं होतं की हा काही थोर पेपर नव्हे, पण प्रतिसादाने आतून गंमत वाटते. इतका प्रांजळपणा त्या फिरत्या मजकुरात कुठून येणार!

‘३०० पेपर.’ वैद्यकीय पेपरात साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्यांचा वाटा बाहेरच्याला कळत नाही. २०० लेखकांच्या पेपराला एक सायटेशन मिळालं तर ते दोनशेही जणांच्या खात्यात पुरतं एक म्हणून जमा होतं. म्हणूनच या यादीच्या सूत्रातले सहापैकी तीन घटक लेखकाच्या जागेवर आहेत: एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन; त्यांत पहिलं नाव असलेल्या पेपरांची मिळवून; आणि त्यांतही शेवटचं नाव असलेल्यांची मिळवून. म्हणजे यादी करणाऱ्यांचाच नुसत्या बेरजेवर भरवसा नाही.

एच-इंडेक्सची बातही तशीच. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला: निदान ‘क्ष’ सायटेशन मिळालेले ‘क्ष’ पेपर असतील, तर इंडेक्स ‘क्ष’. एकाचे दहा पेपर, प्रत्येकी १० सायटेशन. दुसऱ्याचे नऊ तसेच आणि दहाव्याला ४,०००. दोघांचाही इंडेक्स १०.

‘ज्याची सायटेशन कमी, त्याने बोलू नये.’ कोलकात्याचे संशोधक शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेलं द्रावण सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं तरी तिथे पाणी साचतं. म्हणजे माणसाला कोरडं पाडतं ते जंतूंनी सोडलेलं विष. सुरुवातीला याची फारशी दखल कुणी घेतली नाही. डे १९८५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामावर सविस्तर लिहिलं ते यूजीन गारफिल्ड यांनी, ज्यांनी सायटेशन मोजायची पद्धतच उभी केली त्यांनी!

तर यादी उघडायचीच असेल तर नीट उघडा. स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन वगळून क्रम कितवा लागतो, याचा रकाना तिच्यात आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांचाही आहे. डॉक्टरसाहेबांच्या उपचाराची चाचणी किती रुग्णांवर झाली, तुलनेला दुसरा गट होता का, याचा रकाना मात्र तिच्यात नाही. त्यासाठी त्या ३०० पैकी त्या उपचारावरचा पेपर कोणता, तेवढं सांगा.