गीझर, बंब आणि कोकणातलं उन्हाळं

थंडी पडायला लागली की मराठीवर प्रेम करणाऱ्या मंडळींत एक चर्चा हमखास निघते: ‘गीझर’ला मराठी शब्द काय? कुणी जलतापक सुचवतं, तर कुणी म्हणतं, आपला बंब होता की चांगला! मला यात मनापासून काही सांगायचंय. या दोन शब्दांची मुळं पाहिली तर भांडायला कारणच उरत नाही. ज्याच्यासाठी भांडावं असा शब्द तिसराच आहे, आणि त्याचं नावही कुणी काढत नाही.

आधी गीझर. इंग्रजीत हा शब्द आला आइसलंडहून. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात हाउकादालुर नावाचं खोरं आहे. तिथल्या उकळत्या पाण्याच्या एका कारंज्याचं नाव गेइसिर. जोरात उसळणं अशा अर्थाच्या तिथल्या क्रियापदावरून ते पडलं. म्हणजे मुळात हे एका जागेचं विशेषनाम! १२९४ साली तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हापासून या खोऱ्यातल्या उकळत्या झऱ्यांचा उल्लेख जुन्या बखरींत मिळतो. ऐन भरात असताना गेइसिरचं पाणी ७० मीटरपर्यंत उडायचं. आता तो बहुतेक काळ शांत असतो, पण शेजारचा स्ट्रोक्कुर अजून दर काही मिनिटांनी उसळतो. स्ट्रोक्कुर म्हणजे लोणी काढायला घुसळायचं भांडं. घरात रोज घुसळण करणाऱ्या माणसांनीच हे नाव ठेवलेलं असणार. मला ते फार आवडतं.

प्रयोगशाळेतल्या बर्नरमुळे आपल्याला माहीत असलेला जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन १८४६ मध्ये तिथे गेला होता. गेइसिरच्या नळीत त्याने खोलवर तापमापक सोडले. खालचं पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं होतं, तरी उकळत नव्हतं, कारण वरच्या पाण्याचा भार त्याला दाबून धरत होता. ते पाणी जरा वर सरकलं की दाब उतरतो, भराभर वाफ होते आणि सगळा स्तंभ आकाशात जातो.

मग हा शब्द न्हाणीघरात शिरला कसा? १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला ‘गीझर’ म्हटलं. अमेरिकेत त्या यंत्राला वॉटर हीटर म्हणतात. तिथे ‘गायझर’ म्हटलं तर लोकांना यलोस्टोनची कारंजी आठवतात. आपण इंग्रजांचा उच्चार घेतला आणि तोच ठेवला. (मॉन यांच्या त्या यंत्राला धूर बाहेर न्यायला नळकांडंच नव्हतं. आजही बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून माणसं दगावतात. कृपा करून खिडकी उघडी ठेवा.)

आता बंब. पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पाण्याचा पंप. चावी, पगार, घमेलं आले त्याच वाटेने हाही आला. आगीच्या बंबात तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे. पण न्हाणीतला तांब्याचा बंब, मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि खाली तोटी, यात काहीच उडत नाही. गीझरमध्येही उडत नाही. तरी आपण दोन्ही नावं अशीच घेतली, जिथे मुळात पाणी जोराने फेकलं जातं. मला दोन्ही शब्द आपलेच वाटतात. जलतापकाची काही गरज नाही.

माझी हळहळ ‘उन्हाळं’ या शब्दासाठी आहे. उन्हाळं म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी, गरम पाण्याचा झरा. ऊन ऊन भात म्हणतो ना, त्यातलंच हे ऊन. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे: तिन्ही गावांच्या नावात ती ऊब आहे आणि तिन्ही ठिकाणी गरम पाणी आहे. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वाट मोकळी असल्यामुळे दाब साठत नाही, म्हणून आपली उन्हाळी उसळत नाहीत, शांतपणे वाहतात.

एका खोऱ्यातलं नाव सगळ्या जगाने उचललं, आणि आपण आपला शब्द आपल्याच मुलांना शिकवत नाही. पुस्तकात ‘गरम पाण्याचे झरे’, जाहिरातीत ‘हॉट स्प्रिंग’. तीन शब्दांच्या वर्णनाने काम भागतं, मान्य, पण उन्हाळं हे नाव आहे, आणि ते या मातीत आधीपासून आहे. आइसलंडच्या कारंज्यांना खुशाल गीझर म्हणा. कोकणच्या धड्यात मात्र उन्हाळं यायलाच हवं, आणि राजापूरच्या फलकावरही.

तुरळ, राजवाडी, आरवली, वज्रेश्वरी, गणेशपुरी भागातले कुणी वाचत असाल तर सांगा, तुमच्या घरातली मोठी माणसं तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांना काय म्हणतात? शब्द वेगळा असला तर तोही हवा आहे.