आवाज खय गेलो?

बाबांच्या मोबाईलचं स्टोरेज भरलं म्हणून त्यातली डबलबारीची रेकॉर्डिंगं मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर घेतली, आणि तिथेच फसलो. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटपली की बाबा ओटीवर येऊन बसणार आणि म्हणणार, "झिला, बारी लाव रे." दोन बुवा समोरासमोर, याने भजनातून टोमणा हाणायचा, त्याने भजनातूनच परतवायचा, आणि अशी एकेक फाईल पावणेतीन तासांची. लॅपटॉप दोन जीबी रॅमचा, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, आणि त्यातही खिडक्याबिडक्यांचा प्लेयर उघडला की पंखा विहिरीवरच्या पंपासारखा घुमायला लागतो, म्हणून मी टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसते हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एमपीव्ही हे प्लेयरचं नाव, पुढे फाईलचं नाव, आणि एंटर. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावताना बघून शेजारच्या काकूंना वाटतं मी रात्रीसुद्धा ऑफिसचं काम करतो. मी कधी गैरसमज दूर केला नाही.

तर परवा एंटर मारला. अक्षरं आली, सेकंद पळायला लागले, एक मिनिट झालं, दोन झाली, आवाज काही येईना. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. एरर आली असती तर निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं, हे म्हणजे वायरमनला फोन केल्यासारखं, तो म्हणतो निघालो निघालो आणि आपण कंदील पुसत बसायचं.

"मेल्या, आवाज खय गेलो?"

एमपीव्हीत शून्याचं बटण दाबलं की आवाज वाढतो, ते मी दाबत सुटलो. आकडा 130 वर जाऊन अडला, त्याच्या वर तो जातच नाही. तरी शांतता. तो आकडा मी तसाच ठेवला आणि विसरलो.

आता यातली गंमत अशी की लिनक्समध्ये आवाज प्लेयरमधून निघून सरळ स्पीकरात जात नाही. तळाला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, साउंड कार्डाशी बोलणारा अल्सा, 2003 मध्ये आलेल्या कर्नल 2.6 पासूनचा. त्याच्या डोक्यावर पूर्वी सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज गोळा करून खाली देणारा पल्सऑडिओ असायचा, आता बऱ्याच ठिकाणी पाइपवायर असतो, पण जुन्या प्रोग्रॅमना कळू नये म्हणून तो पल्सऑडिओचं सोंग घेऊन उभा राहतो, आपल्या दशावतारात बाप्याच लुगडं नेसून राणी होतो ना, तसा. आणि विचारायला गेलं की प्रत्येकाचं एकच, मी माझ्याकडून पुढे दिला हो, तुम्ही खाली विचारा. सातबाऱ्यावर एकवीस नावं आणि फणस नेमका कोणाचा ते एकालाही सांगता येत नाही, असा कारभार.

साउंड कार्डांची यादी देणारं एप्ले डॅश एल मारलं तर कार्डं दोन निघाली, शून्य नंबरचं टीव्हीसाठीचं एचडीएमआय आणि एक नंबरचं लॅपटॉपच्या स्पीकरचं ॲनालॉग. मला वाटलं सापडलं, आवाज जातोय त्या टीव्हीला जो जोडलेलाच नाही. अर्धा तास त्यात गेला. तसं काहीच नव्हतं, आवाज बरोबर ॲनालॉगलाच जात होता. मग दुसऱ्या टॅबमध्ये स्पीकर-टेस्ट लावला, दोन चॅनलचा, वेव्हवाला, त्यात एक बाई इंग्रजीत "फ्रंट लेफ्ट", "फ्रंट राइट" म्हणत राहते आणि आपण थांबवेपर्यंत थांबत नाही. तीही मुकी. तिला तशीच सोडून मी अल्साच्या आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा अल्सामिक्सर उघडला, एफ-सिक्स दाबून खरं कार्ड निवडलं, आणि बघतो तर स्पीकरच्या पट्टीखाली एम एम. म्हणजे म्यूट. एम दाबला, शून्य शून्य झालं, म्हणजे मोकळा (शून्य म्हणजे चालू, हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे), पट्टी वर लालापर्यंत नेली. तरीही आवाज नाही.

आतून आई म्हणाली, झोपा आता, अकरा वाजले. आम्ही दोघंही ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो.

शेवटी आवाज कुठून बाहेर पडतोय ते सांगणारं पॅक्टीएल लिस्ट सिंक्स मारलं आणि त्या लांबलचक यादीत खाली एक ओळ दिसली, ॲक्टिव्ह पोर्ट: हेडफोन्स. मी लॅपटॉप उचलून कडेला बघितलं. भोक रिकामं. हेडफोन गेले वर्षभर या घरात कोणी लावलेला नाही.

"बाबा, त्याला वाटतंय हेडफोन लावलाय."

"दाखव हयसर." बाबांनी मोबाईलची बॅटरी भोकावर मारली. आत पिन गेली की कळावं म्हणून एक बारीक पत्ती असते, तिथे हिरवट पूड धरली होती. बाबा हसले. "खारो वारो तो. पंपाचो स्टार्टर खाल्ल्यान, गेटाची कडी खाल्ल्यान, तुझो डबो सोडतलो काय?"

समुद्र घरापासून दोनशे पावलांवर, वर श्रावणातली हवा, आणि मी अडीच तास पाइपवायरवर संशय घेत बसलो होतो.

(दुसऱ्या दिवशी मी अल्सामिक्सरमध्ये हेडफोन दिसला की स्पीकर गप्प करणारा ऑटो-म्यूट मोड डिसेबल्ड करून, ते तसंच जपून राहावं म्हणून सुडो अल्साक्टीएल स्टोअर मारून ठेवलं, पुन्हा पत्ती खोटं बोलली तरी स्पीकर ऐकणार नाही. पण ही अक्कल दुसऱ्या दिवशीची.)

त्या रात्री बाबांनी ड्रॉवरमधून एक कानाचा जुना इअरफोन काढला आणि त्याची पिन भोकात घालायची, काढायची, घालायची, काढायची असं सुरू केलं. रेडिओचं आम्ही असंच करायचो म्हणाले. मी म्हणणार होतो की बाबा, हा रेडिओ नाही, तेवढ्यात सातव्या का आठव्या वेळी पिन बाहेर आली आणि बुवा 130 टक्क्यांत ओरडले.

पखवाज, झांजा, मागची पोरं, सगळं एकदम. शेजारचा कुत्रा पहिला उठला, मग काकूंच्या पडवीतला दिवा लागला. आणि त्या गदारोळात प्रत्येक कडव्याच्या मधोमध शांतपणे ती बाई, फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट. तिला थांबवणारं कंट्रोल-सी मारायला मी टॅब शोधतोय, सापडत नाहीये, हात थरथरतायत.

बाबांनी माझा हात धरला. कान देऊन ऐकलं. झांजेवर मान डोलावली.

"ऱ्हवांदे तिका. तालात आसा."