माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे!

सरकारी माहिती घरबसल्या मिळवायची आहे? शाब्बास! तुमच्यासारख्या आशावादी माणसांच्या जिवावरच हा गाडा चालला आहे. मी नुकताच हा उद्योग करून बसलोय, तेव्हा डोकं गरम आहे तोवर चार युक्त्या सांगून टाकतो.

सुरुवातीला मन प्रसन्न ठेवा. साइट उघडली की मान्यवरांचे हसरे फोटो एकामागून एक सरकू लागतात. ते सगळे सरकून होईपर्यंत मेनूला हात लावू नका. मोठी माणसं समोर असताना मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत साइट उघडू नका. तीही जेवायला गेलेली असते.

पान उघडेपर्यंत इतिहासाची उजळणी करा, वेळ भरपूर मिळतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांत ऊसकऱ्यांसाठी संगणक केंद्रं निघाली. २००० साली मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात गावोगावच्या संगणक केंद्रांचं ‘ज्ञानदूत’ आलं, पाठोपाठ कर्नाटकात जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणारं ‘भूमी’. तिकडे अमेरिकेत कार्ल मालामुद नावाच्या गृहस्थाने १९९३ पासून कंपन्यांनी सरकारदरबारी दाखल केलेली कागदपत्रं लोकांना नेटवर फुकट वाचायला दिली. १९९५ मध्ये त्याने जाहीर केलं, मी आता थांबतो, पुढचं सरकारला विचारा. लोकांनी विचारलं, आणि सरकारी खात्याला ते काम अंगावर घ्यावं लागलं. आपल्याकडे विचारलं की ‘अर्ज करा’ म्हणतात.

जुना मराठी मजकूर उघडलात आणि नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसली तर घाबरू नका. तो युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं सारखी दिसण्याच्या सोयीच्या, आधीचा आहे. त्यासाठी एक फाँट उतरवून घ्यावा लागतो, आणि तो ज्या पानावर आहे ते पान आता नाही.

आता नकाशाविषयी. पुण्यातल्या एका कार्यालयाने (नाव घेत नाही, अजून तिथे काम पडणार आहे) पेपरात हरकती-सूचना मागवल्या. चार बोटांची नोटीस, खाली ‘सविस्तर नकाशा संकेतस्थळावर पाहता येईल’. पाहायचा कसा, तर लिहून घ्या. ‘ताज्या घडामोडी’त शोधू नका, तिथे काही वर्षांपूर्वीचं वृक्षारोपण अजून ‘नवीन’ म्हणून लुकलुकतंय. ‘इतर’ मध्ये जा, तिथून ‘संकीर्ण’ मध्ये. फाइलीचं नाव ‘स्कॅन००४७’. उघडली की नकाशा आडवा. मान वाकडी करा. खुणांची सूची जिथे आहे नेमका तिथेच साहेबांचा गोल शिक्का. सर्व्हे नंबरातला आकडा तीन की आठ हे ज्याचं त्याने ठरवायचं. मोठा करून बघाल तर नुसते ठिपके. एकंदरीत चहा सांडलेल्या पोथीसारखा प्रकार.

फोन केलात तर ‘साहेब फील्डवर आहेत, ऑफिसात येऊन बघा’. गेलो. भिंतीवर तोच नकाशा! रंगीत, स्वच्छ, सर्व्हे नंबर चष्म्याशिवाय वाचता येतील असे. म्हणजे मुळात तो संगणकावरच काढलेला. त्याचं प्रिंट काढलं, प्रिंटवर शिक्का मारला, शिक्क्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्स स्कॅन केली आणि ते भूत साइटवर चढवलं. एवढी मेहनत! मूळ फाइलच टाकली असती तर त्या माणसाला दुपारी अर्धा तास झोप मिळाली असती. मी विचारलं, ही फाइल का नाही टाकत? उत्तर आलं, ‘काका, एमबीत बसत नाही.’ मान्यवरांचे फोटो बरे बसतात एमबीत! आणि तोवर हरकतींच्या मुदतीतले दिवस चाललेत. ज्याचं घर नकाशातल्या रेषेखाली येतंय त्याने तीन की आठ यावर हरकत कशी लिहायची? की लिहूच नये, हाच बेत आहे?

असो. युक्ती पुढची: माहिती अधिकारात अर्ज करा. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तिसाव्या दिवशी उत्तर येईल, ‘सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.’ संकेतस्थळावर जा. तिथे लिहिलेलं असेल, ‘अधिक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा.’

पुरे झाली चेष्टा. महाराष्ट्रात माहितीचा कायदा देशाच्या कायद्याआधी आला, २००२ चा. २००५ च्या केंद्रीय कायद्याचं कलम ४ काय म्हणतं? १७ बाबींची माहिती १२० दिवसांत आपणहून जाहीर करा, इंटरनेटवरही टाका, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी येईल. आपणहून! त्याला वीस वर्षं झाली. साहेब, ही मेहेरबानी नाही, तुमचं काम आहे. जमत नाही म्हणू नका. मंत्रालयाचे शासन निर्णय संकेतांकासकट साइटवर येतात आणि सापडतात. सातबारा डिजिटल सहीने मिळतो, आणि ते करणाऱ्या जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय याच पुण्यात आहे. तुमच्याकडेच घोडं का अडतं? वाचता न येणारा कागद टाकून ‘प्रसिद्ध केला’ म्हणणं याला लबाडी म्हणतात.

आणि तुम्ही, हसताय काय? हे ग्रुपवर ढकलाल, अंगठे मोजाल आणि झोपाल. २०१८ मध्ये दर सोमवारी ३ ते ५ कार्यालयांतल्या फाइली बघायची सोय झाली, त्या बघायला किती जण गेलात? आपण विचारत नाही हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते लपवतात.

मी हरकत दिली आहे. तीत एकच मागणी आहे: भिंतीवरचा नकाशा आहे तसा साइटवर टाका, आणि मुदत त्या दिवसापासून मोजा.