वाचता येऊ लागले म्हणून वाचून दाखवणे का थांबवायचे?

आज शाळेच्या पालकसभेत माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकांनी सर्व पालकांना सांगितले की मुलांना आता स्वतःचे स्वतः वाचता येते, तेव्हा घरी त्यांना पुस्तके वाचून दाखवणे बंद करावे, नाहीतर ती आळशी होतात. त्यानंतर वाचनाच्या नोंदीची एक वही वाटण्यात आली. मुलाने रोज किती पाने वाचली ते तिच्यात लिहून पालकांनी खाली सही करायची आहे, आणि आईने किंवा वडिलांनी वाचून दाखवलेली पाने त्यात धरली जाणार नाहीत. बहुतेक पालकांनी माना डोलावल्या. मला जे म्हणायचे होते ते सभेतल्या दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला वाचता येते. तरीही मी तिला रोज रात्री वाचून दाखवते आणि पुढेही दाखवणार आहे. काही महिन्यांपूर्वी आम्ही ‘तोत्तोचान’ वाचत होतो. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे जपानी पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते आपल्या घरांत पोहोचले. पहिल्याच शाळेतून काढून टाकलेली लहानगी तोत्तोचान आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या नव्या शाळेत जाते, तेव्हा मुख्याध्यापक कोबायाशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि तुला जे सांगायचे असेल ते सगळे सांग, असे म्हणतात. ती बोलत राहते आणि ते चार तास ऐकत राहतात. मध्ये जांभई नाही की घड्याळाकडे नजर नाही. येथपर्यंत वाचून झाले आणि माझ्या मुलीने पानावर आपला तळवा ठेवला. पुढची ओळ तिच्या बोटांखाली गेली. तिने विचारले, “आई, तू माझं एवढं ऐकशील?”

मी पुस्तक मिटले. मग तिने जे सांगितले ते तिने त्यापूर्वी कोणालाही सांगितले नव्हते. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की तिची एखादी ओळ सुटते आणि मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतो. “वाचताना मला गोष्ट कळतच नाही गं. चुकेन की काय, एवढंच डोक्यात असतं.”

ज्या मुलीच्या वहीत रोजची पाने बिनचूक भरली जातील, ती मुलगी हे म्हणत होती. पाने मोजणाऱ्या वहीत ही गोष्ट कोठल्या रकान्यात लिहायची?

मला खरा संताप ‘आळशी’ या शब्दाचा येतो. शेजारी बसून मन लावून ऐकणारे मूल आळशी असते, हे कोणी ठरवले? मी एखादा शब्द गाळला तर ती तत्क्षणी मला थांबवते. पात्राचा आवाज कालच्यापेक्षा वेगळा काढला तर तिला तो चालत नाही. पुढे काय होणार ते ठाऊक असूनही ती श्वास रोखून धरते. शिवाय या वयाचे मूल जेवढे स्वतः वाचू शकते त्याच्या कितीतरी पुढचे ते ऐकून समजू शकते, हे मुलांसोबत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तिच्या हाती द्यायची पुस्तके सोप्या वाक्यांची, मोठ्या टायपातली. पण तिचे मन त्या वाक्यांपाशी थांबलेले नाही. तिला मरणाविषयी, भांडणाविषयी, अपमानाविषयी प्रश्न पडतात. त्या प्रश्नांना पुरी पडतील अशी पुस्तके तिला आज स्वतः वाचता येत नाहीत, तर मग ती तिच्यापर्यंत नेणार कोण?

आपल्याकडे हे नवे मुळीच नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले तेव्हा त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावे दिली, कारण त्यात श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आहे. ते पुस्तक ऐकण्याच्या घाटातच बांधलेले आहे. त्यात रडू फार आहे, ही तक्रार मी मान्य करते. पण माझ्या आईने ते मला वाचून दाखवताना तिचा स्वतःचा आवाज जेथे अडखळायचा, त्या जागा मला आजही सांगता येतात. डोळ्यांनी एकटीने वाचलेल्या किती पुस्तकांबद्दल मला असे सांगता येईल?

मुलगी अगदी लहान होती तेव्हा आमच्याकडे एरिक कार्ल यांचे १९६९ सालचे सुरवंटाचे पुस्तक होते. सुरवंटाने जे जे खाल्ले त्याला पानात खरोखरचे भोक असते. तिची तर्जनी त्या भोकातून पलीकडे निघायची आणि मी वाक्य पूर्ण करीपर्यंत बाहेर यायची नाही. त्यामुळे त्या पुस्तकाच्या वाचनाचा वेग तिच्या बोटावर ठरत असे. त्यानंतर माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ आले. लेखन आणि चित्रे एकाच हातची असल्यामुळे तेथे शब्दांनी न सांगितलेले चित्रात सापडते, आणि ते नेहमी मुलीलाच आधी दिसायचे. त्या वयात आम्ही एकच पुस्तक किती वेळा वाचले याचा हिशेब कोणत्याही वहीत बसला नसता.

नातेवाईक म्हणतात, तू तिला लाडावून ठेवले आहेस. म्हणोत. रात्री झोपण्यापूर्वी आईच्या दंडाला टेकून पुस्तक ऐकणे हा लाड असेल, तर तो प्रत्येक मुलाचा व्हावा. घरी आजी, बाबा, मोठी ताई, कोणीही वाचावे. वाचणाऱ्याला ते पुस्तक आवडत असले म्हणजे झाले.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून हेही लिहिते. एका वर्गात एवढी मुले सांभाळणाऱ्या बाईंना प्रत्येकाचे वाचन कोठवर आले ते कळायला काहीतरी साधन हवे, आणि मुलांनी स्वतः वाचलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. माझी मुलगी दुपारी स्वतः वाचतेच. परंतु ती न घाबरता वाचू लागली ती त्या रात्रीनंतर. आम्ही एक परिच्छेद मी, एक परिच्छेद ती, असे वाचायला लागलो. ओळ सुटली तर कोणी हसणारे नव्हते, आणि पुढे काय झाले हे जाणून घेण्याच्या ओढीत ती चुकण्याचे विसरून गेली. वाचून दाखवणे थांबवले असते तर हे घडले नसते, एवढे मी बाईंना उद्या भेटून शांतपणे सांगणार आहे.

अनेक मैत्रिणी माझ्याकडे वयानुसार पुस्तकांची यादी मागतात. अशी यादी मी देत नाही. तुम्हाला स्वतःला लहानपणी ज्या पुस्तकाने धरून ठेवले होते ते शोधा आणि त्यापासून सुरुवात करा, कारण तुमचा कंटाळा मुलांना पहिल्याच पानावर कळतो. तसे काही आठवत नसेल तर ‘तोत्तोचान’ घ्या. शाळेतून काढून टाकल्याचे त्या आईने मुलीला ती वीस वर्षांची होईपर्यंत कळू दिले नव्हते, ही एक गोष्ट तरी प्रत्येक आईने वाचायला हवी. मात्र शेवटची प्रकरणे आधी स्वतः वाचून ठेवा. त्यात तोत्तोचानचा पोलिओ झालेला मित्र मरण पावतो आणि १९४५ साली ती आगगाडीच्या डब्यांची शाळा बॉम्बहल्ल्यात जळून जाते. तेथे मूल प्रश्न विचारणारच, तेव्हा त्या रात्री वाचन थोडे लवकर सुरू करा.