स्वयंपाकघराचं कौतुक पुरे झालं

दुपारी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. एकोणिसाव्या शतकातली जर्मन आग्नेस पॉकेल्स भांडी घासता घासता शास्त्रज्ञ झाली, मग आजच्या मुलींना विद्यापीठ, प्रयोगशाळा असं सगळं हातात कशाला लागतं? वाचल्यापासून डोकं फिरलंय.

अहो, तिला विद्यापीठ हवंच होतं! भौतिकशास्त्राची ओढ होती, पण तेव्हा जर्मनीतली विद्यापीठं बायकांना घेत नव्हती. धाकटा भाऊ फ्रीडरिश ग्योटिंगेनला शिकला, ही ब्राउनश्वाइगच्या घरात आजारी आई-वडिलांचं करत राहिली. भाऊ पुस्तकं पुरवायचा, हे मान्य.

माझ्या आत्याचं तरी वेगळं काय झालं? बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि आजोबांनी अंथरूण धरलं. काका शिकले. आम्हा मुलांना आत्या ताटातल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरून दाखवायची. मधोमध साबणाचं बोट टेकवलं की पूड झर्रकन कडेला पळायची. 'पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ,' म्हणायची आणि आजोबांचं पथ्याचं करायला उठायची.

आग्नेसने हाच पृष्ठताण मोजला, ऐन विशीत. पत्र्याचं उथळ तबक, काठोकाठ पाणी, वर आडवी पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवून पृष्ठभाग लहान-मोठा करायचा आणि पाण्याला टेकवलेली छोटी चकती उचलायला किती जोर लागतो, ते तराजूवर बघायचं. पाण्यावर तेलकट थर असेल तर जागा कमी केली तरी एका हद्दीपर्यंत ताण तसाच राहतो, मग एकदम उतरतो, हे तिला दिसलं. १८९१ मध्ये तिने ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेलींना पत्र लिहिलं, त्यांनी ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आणलं. रेलींचा मोठेपणा, नाही म्हणत नाही.

पण पुढे? घरचं दुखणं वाढलं, प्रयोग मागे पडले. तिच्याच तबकाची सुधारित आवृत्ती वापरणाऱ्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूरना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. तिला त्याच वर्षी मानद डॉक्टरेट, तीही वयाच्या सत्तरीत. स्वयंपाकघराने तिला घडवलं म्हणे! ते नसतं तर तिने अजून काय काय केलं असतं, हे कुणी विचारतंय का?

आत्या कधीच तक्रार करत नाही. आजोबांवर तिचा जीव होता, कुणीतरी करायला हवंच होतं, तेही कळतं मला. पण ते 'कुणीतरी' प्रत्येक वेळी तीच का?

ज्यांनी फॉरवर्ड पाठवला, त्यांची मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पुढे शिकायचंय. काका, आधी तिची फी भरा.