बाग गेल्यावर 'बरें जालें' कुणी म्हणायचं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोजच्या जगण्यात कृतज्ञता आणि उमेद टिकावी म्हणून कविता कशी वाचावी, या लेखावर दिंडोरीहून तुमची प्रतिक्रिया आली. "अवकाळीनं बाग झोपली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, आणि तुम्ही सांगता कविता वाचा, कृतज्ञ राहा. पोट भरलेल्यांचे चोचले आहेत हे. कवितेनं कुणाचं देणं फिटलंय? मग आता मुलांनाही रोज एक कविता पाठ करायला लावू का?" शेवटचा प्रश्न टोमणा म्हणून विचारला असेल, पण तो चांगला आहे. त्याचंही उत्तर देणार आहे.

देणं फिटत नाही, हे आधी मान्य. द्राक्षाच्या फुलोऱ्यात पाऊस आला की घडकूज आणि डाऊनी हे रोग, मणी भरल्यावर आला की तडे. यावर कोणत्याही कवितासंग्रहात फवारणी सांगितलेली नाही. पंचनामा, विमा, बँक ही कामं त्या-त्या ठिकाणीच होतात.

पण 'पोट भरलेल्यांचे चोचले' हे पटत नाही. मराठीत कृतज्ञतेची सगळ्यात नेमकी कविता एका मळेकऱ्याची आहे. अरणच्या सावता माळ्याचा अभंग घ्या: 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥ लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी ॥' पुढे मोट, नाडा, विहीर, दोरी येतात. अख्ख्या अभंगात कुठेही आभार मानलेले नाहीत. फक्त हाताखालच्या वस्तू एकेक करून, नावानिशी मोजल्या आहेत. तुमच्या-आमच्या नाशिक जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले लोकशाहीर वामनदादा कर्डक आहेत. त्यांची गाणी वस्त्यांमधून, मैदानांतून गायली गेली. त्यांच्याकडे उमेद म्हणजे हक्काची मागणी. गाद्यागिरद्यांवर बसून लिहिलेलं यात काहीच नाही.

तुमचा खरा राग मला वाटतं दुसऱ्याच गोष्टीवर आहे, आणि तो रास्त आहे. तुकोबांचा अभंग बघा: 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥' १६३० च्या दुष्काळात ज्याचा व्यापार बुडाला, बायको अन्नावाचून गेली, त्या माणसाचं हे बोलणं आहे. 'बरें जालें' म्हणायचा अधिकार त्याचा एकट्याचा. हीच ओळ बाग गेलेल्या माणसाला शेजाऱ्यानं ऐकवली तर तो निव्वळ निर्दयपणा. सकाळी-सकाळी मोबाईलवर येणाऱ्या सुविचारांत नेमकी हीच गफलत असते: ज्यानं सोसलं त्याचं वाक्य, ज्यानं सोसलं नाही तो पुढे ढकलतो. म्हणून पहिला नियम असा की कृतज्ञतेची कविता स्वतःसाठी वाचावी, दुसऱ्याला औषध म्हणून पाजू नये. ज्याच्या घरी नुकतंच काही घडलंय त्याला तर नाहीच. तुकोबांचेच देवाशी भांडणारे अभंग गाथेत ढिगानं आहेत. तशा दिवसांत ते जास्त उपयोगी पडतात.

उमेदीची कविता कशी बांधलेली असते ते 'कणा' या कवितेवरून कळतं. कुसुमाग्रजांची ही कविता बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती शेवटच्या ओळीसाठी लक्षात राहते आणि खरं काम आधीच्या ओळींत झालेलं असतं. पुरातून उठून आलेला जुना विद्यार्थी सरांना सांगतोय. गंगामाई घरी पाहुणी आली म्हणतो. (नाशिककरांना ही गंगा म्हणजे गोदावरी हे सांगावं लागत नाही. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावरूनच इथे पूर मोजतात.) मग तो हिशेब देतो: बायको तेवढी वाचली; भिंत खचली, चूल विझली, होतं नव्हतं ते गेलं. त्यानंतर चालू काम: चिखल-गाळ काढतोय, पडकी भिंत बांधतोय. सर खिशाकडे हात नेतात तेव्हा तो पैसे नको म्हणतो, आणि मग कुठे एक छोटी मागणी करतो: पाठीवर हात ठेवून नुसतं 'लढ' म्हणा. क्रम बघा: आधी काय गेलं नि उरलं, मग आज हातात कोणतं काम आहे, कुणाकडून काय हवं. पहिली पायरी गाळून थेट 'लढ'वर उडी मारली की कविता फलकावरची घोषणा होते. गॅदरिंगमध्ये ती बऱ्याचदा तशीच म्हणतात, शेवटच्या ओळीला आवाज चढवून. ती खालच्या सुरात म्हणून बघा.

आता वाचायचं कसं. रोज नवी कविता नको, आठवड्याला एकच घ्यावी, आठ ते वीस ओळींची. पहिल्या वाचनात फक्त आशय हाती लागतो. क्रियापदं, वस्तू, कवीनं काय सांगायचं टाळलंय हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसायला लागतं. रोज नवी घेतली की दर वेळी पहिलंच वाचन होतं. मोठ्यानं वाचा, पण भाषणासारखं नको. 'मोठा अभंग' या छंदात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार तुकडे असतात, दुसरा-तिसरा यमकानं जोडलेला. 'निघालें दिवाळें', 'बरी या दुष्काळें' मोजून बघा. प्रत्येक तुकड्यापाशी थांबलात की श्वास आपोआप संथ होतो आणि शेवटच्या चार अक्षरांवर ओळ टेकते. घाईनं वाचलं की हे सगळं हरवतं. पाच मिनिटं पुरतात. वेळ कोणतीही चालेल, पण रोज तीच असावी.

कविता निवडताना तिच्यात हात लावता येईल अशा वस्तू आहेत का ते तपासा. आशा, प्रकाश, स्वप्न, उंच भरारी एवढ्यावरच उभी असलेली कविता दोन दिवसांत विरते. आणि पुस्तकातून घ्या. मोबाईलवर मोठ्या कवींच्या नावावर भलत्याच ओळी फिरतात, कडवी गळलेली असतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, पण तुमच्या गावच्या ग्रंथालयातही तुकोबांची गाथा आणि कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा संग्रह मिळायला हरकत नाही.

वाचून झालं की वहीत एकच ओळ लिहायची. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. 'मी कुटुंबाबद्दल कृतज्ञ आहे' असं लिहिलं की चौथ्या दिवशी कुटुंब, आरोग्य, अन्न हे तिघं संपतात आणि वही बंद पडते. त्याऐवजी सावता माळ्यासारखं करा: वस्तू, तिच्यामागचा माणूस, त्यानं केलेलं काम. 'पहाटे व्हॉल्व्ह सोडणारा आला, गंगापूर धरणाचं पाणी चौथ्या मजल्यावर चढलं.' 'घंटागाडीवाल्यानं ओला कचरा न कुरकुरता घेतला.' आठवड्यात तीच वस्तू पुन्हा लिहायची नाही. काही सुचलं नाही तर जे गेलं ते लिहावं, तेही नावानिशी. 'उत्तरेकडच्या सहा ओळी तडकल्या' हे वाक्य वहीत पूर्ण चालतं.

याला शास्त्राचा आधार आहे का, असंही कुणी विचारेल. एमन्स आणि मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये कृतज्ञतेच्या याद्या लिहिणाऱ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. अशा याद्या लिहिणाऱ्यांना, कटकटींच्या याद्या लिहिणाऱ्यांपेक्षा, आपलं बरं चाललंय असं जास्त वाटलं. पण ते प्रयोग याद्यांवरचे होते. कवितेच्या खात्यावर ते जमा करणं लबाडी होईल.

आणि झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच लक्ष लागेना, असं दोन आठवडे चाललं तर वही-कविता बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटला तर दोन दिवसही थांबू नका. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

राहिला मुलांचा प्रश्न. रोज पाठ करायला अजिबात लावू नका. शिक्षा म्हणून शिकलेली कविता मोठेपणी कुणी उघडत नाही. जेवणाआधी तुम्हीच एक कविता वाचा, आठवडाभर तीच. अर्थ विचारू नका, पाहुण्यांपुढे म्हणायला लावू नका. मध्येच त्यांनी एखादी ओळ तुमच्याआधी म्हणून टाकली तर पुढची मुद्दाम अडखळत वाचा. ती दुरुस्त करतील.