खुलासा: कव्हर पिवळं पडलं म्हणजे वितळलं नव्हे

म्हापशाच्या आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: मोबाईलचं पारदर्शक मऊ कव्हर उन्हातल्या गाडीत वितळायला लागतं आणि पिवळेपणा ही त्याचीच खूण. हे चुकीचं आहे.

अशी बरीच कव्हरं थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे तापवून साच्यात ओतता येणाऱ्या रबरासारख्या प्लास्टिकची असतात. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत मऊ आणि कडक तुकडे आलटून पालटून येतात. दोघांचं आपसात जमत नाही. कडक तुकडे हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधल्या हलक्या ओढीने) बिलगून काही नॅनोमीटरचे पुंजके करतात आणि मऊ भागाला गाठींसारखे धरून ठेवतात. म्हणून ताणलेलं कव्हर परत जागेवर येतं. या गाठी सुटायला साधारण 150 अंशांच्या वर तापवावं लागतं. मे महिन्यात मिरामारला बंद गाडी 60-70 अंशांपर्यंत तापेल. कव्हर थोडं मऊ पडेल, एवढंच.

पिवळेपणा बहुतेक वेळा अतिनील किरणांचा: ॲरोमॅटिक (बेन्झीनसारखं कडं असलेल्या) कडक तुकड्यांत त्यामुळे रंगीत रासायनिक गट तयार होतात. माझ्या कव्हरची कॅमेऱ्याजवळची कड कोऱ्या चहासारखी झालीय, पण ओढून सोडली की चटकन बसते.

आपल्याकडे खरी काळजी दमट हवेची. ज्या पॉलियुरेथेनचे मऊ तुकडे पॉलिएस्टरचे असतात, त्याच्या साखळ्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या बुटांच्या तळव्यांचा भुगा होतो तो बऱ्याचदा यामुळेच.